आधी गाडीखाली जाऊन या

पत्राचा गोषवारा: राजापूर तालुक्यातले एक वाचक, वय ४१. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून गावी आले. सड्यावर (वरच्या कातळ पठारावर) आंब्याची ३०० कलमं, खाली थोडी काजूची बाग. वडिलांनी २००८ साली नवी घेतलेली फोर बाय फोर (गरजेला चारही चाकं ओढणारी) डबल केबिन पिकअप घरी आहे. पांढरी पाटी (म्हणजे खासगी), २०२३मध्ये फेरनोंदणी झालेली, २ लाख १० हजार किलोमीटर चाललेली. गेल्या १४ महिन्यांत आधी क्लच, मग वॉटर पंप, मग मागच्या चाकाचं बेअरिंग, मग ट्रान्स्फर केसचं (इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचं) मागचं ऑइल सील (दोनदा) असे ८६ हजार गेले. तरी गाडी ५०-६०च्या वेगाला थरथरते, सील पुन्हा गळतं, सकाळी धूर येतो. फोर बाय फोरचा लिव्हर २०१९पासून जाम आहे; पावसात सड्यावर जायला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर फेरीला १२०० रुपये देऊन लावतात, यंदा १४ फेऱ्या झाल्या. मेकॅनिकनं हाफ इंजिन (इंजिन उघडून त्याचं अर्धं काम), ट्रान्स्फर केस आणि पुढचा एक्सल मिळून १ लाख ९० हजार सांगितले आहेत. ते नको असेल तर "पुढचा शाफ्ट काढून टाका, ॲव्हरेज वाढेल" असंही तो म्हणतो. एक गिऱ्हाईक गाडी आहे तशी १ लाख ४० हजारांना न्यायला तयार आहे. मुंबईचा भाऊ म्हणतो, विका, नाहीतरी सरकार भंगारात घालायला लावणार. वडील, वय ७४, काहीच बोलत नाहीत. रोज सकाळी गाडी पुसतात तेवढी. वाचक विचारतात: जुन्या गाडीत पैसे ओतत राहणं वेडेपणा आहे का? आणि मेकॅनिक मला फसवतोय का?

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुम्ही लिहिलंत तसं सरळ, दुसऱ्यांदा कागदावर तारखा मांडून. एसटीच्या आगारात २९ वर्षं काढल्याची ही खोड. काय बिघडलं हे नंतर, कधीपासून बिघडलं हे आधी.

थरथर "गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर" सुरू झाली असं तुम्ही पहिल्या पानावर लिहिता. तिसऱ्या पानावर ओझरतं येतं, की चाकरमान्यांना स्टेशनवरून आणायला गाडी हवी होती म्हणून क्लच गणपतीच्या तोंडावर घाईघाईत टाकून घेतला. तुमच्या पत्रात या दोन वाक्यांमध्ये दीड पानाचं अंतर आहे. माझ्या कागदावर ती एकाखाली एक आली.

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि त्याआधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलपर्यंत ओढ नेणारे फिरते दांडे, सोडावे लागतात. मागचा लांब शाफ्ट सलग दिसला तरी त्याचे दोन भाग असतात. एक दुसऱ्यात खाचांवर सरकतो, म्हणजे पाटे (स्प्रिंग) खालीवर झाले की शाफ्टला लांब-आखूड होता यावं. दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे शाफ्टला तिरकं फिरू देणारा सांधा. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा एका फेऱ्यात पुढच्या भागाचा वेग दोनदा किंचित वाढतो आणि दोनदा किंचित उतरतो. एका टोकाची ही लहर दुसऱ्या टोकाचा क्रॉस निस्तरतो, पण दोन्हीकडचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असले तरच. शाफ्ट जोडताना दोन भाग एखाददुसरी खाच इकडेतिकडे बसले, की निस्तरणं बंद. मग ठरावीक वेगाला गाडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागते. ही थरथर सगळ्यात आधी सोसतं ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाचं बेअरिंग, आणि त्याच्या पुढ्यात बसलेलं ऑइल सील. तुम्ही सील दोनदा बदललंत आणि ते दोनदा गेलं. माझा संशय सीलवर नाही.

म्हणूनच गाडी बनवणारे शाफ्टवर बाणाच्या खुणा करून ठेवतात. दोन्ही भागांवर एकेक बाण. दोन्ही समोरासमोर यायला हवेत. कारखान्यातली खूण मिटली असेल तर चांगला फिटर सोडायच्या आधी स्वतः रंगाचा ठिपका देतो. गणपतीच्या गर्दीत तो द्यायचा राहिला असेल.

कागदावरून गाडी बरी करणारा मी कोणी वैदू नाही. थरथर क्रॉस झिजल्यानं येऊ शकते, गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग फाटल्यानं येऊ शकते, चाकाचं बॅलन्सिंग गेल्यानंही येते. पण बाण पाहायला पाव तास लागतो, शाफ्ट फिरवून परत बसवायला फार तर एक तास, आणि सुटा भाग एकही लागत नाही. १ लाख ९० हजारांच्या आकड्याला हो किंवा नाही म्हणायच्या आधी तेवढा एक तास द्या.

आता मेकॅनिकचं. पत्रावरून मला तो लबाड वाटत नाही. तुम्ही सील गळतंय म्हणून गेलात, त्यानं सील बदललं. पाणी गळतंय म्हणालात, त्यानं पंप टाकला. प्रत्येक वेळी तुम्ही तक्रार घेऊन गेलात आणि त्यानं ती तक्रार मिटवली. १४ महिन्यांत ८६ हजार खर्चूनही तुमची गाडी आख्खी अशी कुणी पाहिलेलीच नाही, आणि पाहा असं कुणी त्याला सांगितलेलंही नाही. आगारात बस तक्रार असो वा नसो, ठरल्या पाळीला पिटवर (तपासणीच्या खड्ड्यावर) येते आणि माणूस खाली उतरतो. घरच्या गाडीला पीट नाही आणि पाळीही नाही.

यात आपली एक खोड आहे, ती तुमच्या एकट्याची नाही. आपण सामानाचे पैसे देतो, बसवायची मजुरी देतो, पण नुसतं बघायचे पैसे द्यायला आपला हात पुढे येत नाही. "बघितलंस तेवढंच ना, काय केलंस?" असं म्हणून निघतो. मग मेकॅनिकनं पोट कशावर भरायचं? तो काहीतरी बदलतो. त्याला सांगून बघा: "पुढच्या मंगळवारी अर्धा दिवस माझी गाडी घे. काही सोडू नकोस, बदलू नकोस. खालून-वरून बघ, मला दाखव. अर्ध्या दिवसाची तुझी मजुरी मी देतो." याला तो तयार झाला तर माणूस तुमच्या कामाचा आहे. "बघायचं काय त्यात, मला माहितीये" असं म्हणाला तर दुसरा शोधा, तालुक्याबाहेर जावं लागलं तरी. बदललेला जुना भाग दर वेळी मागून घ्यायची सवयही लावून घ्या. संशयापोटी नव्हे. झिजलेला तुकडा हातात आला की तो कुठून घासला हे दिसतं, आणि पुढचा प्रश्न विचारता येतो.

त्या मंगळवारी तुम्हीही गाडीखाली जायचं. जुने कपडे, टॉर्च, एक छोटी हातोडी, एक जाड स्क्रू-ड्रायव्हर. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली जायचं नाही, स्टँड किंवा लाकडाचे ठोकळे लावूनच; जांभ्याचे चिरे नकोत. जांभा चिरा दिसतो भक्कम, पण एका जागी भार आला की फुटतो.

खाली काय पाहायचं? चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. गाडी ठेवायची की विकायची हा तुमचा जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर इंजिनात नाही, चासीत आहे. इंजिन उघडता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, एक्सल दुसऱ्या गाडीचा आणून बसतो, पत्रा ठोकून रंगवता येतो. चासी सडली तर मात्र ज्याला हे सगळं अडकवलंय तेच गेलं. आणि कोकणात गाडी किलोमीटरनं म्हातारी होत नाही, पावसाळ्यांनी होते. तुमच्या गाडीनं १७-१८ पावसाळे पाहिलेत, प्रत्येक वेळी तीन-साडेतीन हजार मिलिमीटरचे.

हातोडीनं हळूहळू ठोकत जा. शाबूत लोखंड टण्ण बोलतं, सडलेलं भद्द. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहा. पापुद्रे निघाले तर वरवरचा गंज, आत घुसला तर गोष्ट वेगळी. मागचे पाटे जिथे चासीला टांगलेत ते हँगर, त्यांच्या वरची बाजू, हौद्याच्या आडव्या पट्ट्या चासीवर टेकतात त्या जागा, पुढे स्टीअरिंग बॉक्स बोल्ट केलाय तो भाग, केबिनच्या रबरी माउंटिंगखालचे कंस. चासीच्या पेटीला खाली पाणी निथळायला भोकं असतात, ती लाल मातीनं बुजलेली सापडतील. बुजलेल्या भोकामागे चार महिन्यांचं पाणी साठून राहतं आणि लोखंड आतून जातं. बाहेरून रंग छान असतो. तारेनं भोकं मोकळी करा आणि काय बाहेर पडतं ते पाहा. माती पडली तर बरं. गंजाचे पापुद्रे ओंजळभर पडले तर थांबा, आणि पुढचं वाचायच्या आधी त्या गिऱ्हाइकाचा नंबर शोधून ठेवा.

एक प्रश्न वडिलांना विचारा: या गाडीतून कधी मासळी वाहिली का? कोकणातली जुनी पिकअप घेताना मी हाच प्रश्न आधी विचारतो. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट मागच्या चासीवर ठिबकतं, आणि दोन हंगाम मासळी वाहिलेली गाडी दहा वर्षं आंबा वाहिलेल्या गाडीपेक्षा जास्त खराब निघते. वडील बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही त्यांना "विकू का?" असं विचारलं असणार; त्याला ते काय बोलणार! गाडी कधी कशावर आपटली, कुठल्या साली पऱ्यात (ओढ्यात) अडकली, हाउजिंग (एक्सलच्या मधली गिअरची पेटी) कधी उघडलं होतं, हे विचारून बघा. रोज पुसणाऱ्या माणसाला गाडीवरचा प्रत्येक पोचा माहीत असतो.

पावसाआधी चासीवर काळं ऑइल मारायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्याकडेही मारत असणार. मी त्याच्या विरुद्ध आहे. इंजिनातून निघालेलं जळकं ऑइल रबरी बुश फुगवतं, ब्रेकचे होज खराब करतं, त्यावर धूळ बसून लेप होतो आणि लेपाखाली ओल अडकते. शिवाय पहिल्या दोन पावसांत ते सगळं धुऊन तुमच्याच विहिरीच्या वाटेला लागतं. त्याऐवजी दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण गेल्यावर, गाडी खालून साध्या पाण्यानं जोरात धुवा, भोकं उघडा, चार दिवस उन्हात वाळू द्या. गंज दिसेल तिथे तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर आणि रंग द्या, आणि चासीच्या पेटीच्या आत नळीनं मेण फवारून घ्या. गंजावर आणि मातीवर तसाच अंडरबॉडी कोट मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. वेळ मिळत नसेल तर धुणं आणि भोकं एवढं तरी कराच.

चासीचा आणखी एक मुद्दा कागदपत्रांतला. तुमची पांढरी पाटी आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. तुमची आता २०२८पर्यंत आहे. तेव्हा मुदतीच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी दाखवायची. निरीक्षक चासी नंबर पाहतो, त्याचा पेन्सिलनं ठसा घेतला जातो. नंबराच्या जागी गंज बसून आकडे खाल्ले गेले असतील तर तिथे अडायला होतं, म्हणून आजच तो नंबर शोधा, हलक्या हातानं साफ करा, ग्रीसचा पातळ हात फिरवून ठेवा. भावाला सांगा, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशाचा. तो राजापूरला लागू नाही. खासगी गाडी केवळ १५ वर्षं उलटली म्हणून भंगारात घालावी लागत नाही. शुल्क मात्र वाढतंय. २० वर्षांवरच्या मोटारींचं फेरनोंदणी शुल्क २०२५मध्ये १० हजार रुपये झालं. ज्यांची पाटी पिवळी आहे त्यांचं गणित निराळं: आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो. अशा वाचकांनी हा खर्च धरूनच बेरीज करावी.

आता जरा अडचणीचा प्रश्न विचारतो. २०१९पासून लिव्हर हललेला नाही. म्हणजे इतकी वर्षं तुमच्या घरानं फोर बाय फोरशिवाय आंबा काढला आणि खतं वर नेली. मग तुम्हाला खरोखर फोर बाय फोर हवीय, की आपल्याकडे आहे एवढंच हवंय? रागावू नका. १४ फेऱ्यांचे १६ हजार ८०० रुपये वर्षाला होतात. ट्रॅक्टरवाला शेजारी हाकेला येत असेल तर तेवढ्या पैशांत काम भागतं, आणि बाकीच्या दिवसांना साधी दोन चाकं ओढणारी पिकअप पुरते. उलट, ऐन मे अखेरीस वळवाचा पाऊस पडला, सड्यावर ८० पेट्या तोडून ठेवल्यात आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याच कामात आहे, असं किती वेळा झालं? ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या लेखी निर्णय त्या आकड्यावर आहे. १४ फेऱ्या भाड्यानं होतील. अडलेले दोन दिवस भाड्यानं मिळत नाहीत.

लिव्हर जाम आहे म्हणजे ट्रान्स्फर केस गेला, हेही गृहीत धरू नका. लिव्हर आणि केस यांच्यामध्ये खाली दांडे आणि पिना असतात. लाल माती आणि पाणी यांनी त्या पिना अशा धरतात की लिव्हर वितळून चिकटल्यासारखा वाटतो. गंज सोडवणारा स्प्रे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मारा. मग लिव्हरचा दांडा केसपासून सोडून केसवरचा आर्म हातानं किंवा पान्यानं हलवून पाहायला सांगा. तो हलला तर रोग बाहेर आहे आणि खर्च फुटकळ. नाहीच हलला तरच केस उघडायची भाषा. पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब (चाक एक्सलला जोडायची-सोडायची कळ) असतील तर तेही उघडून जुनं वाळकं ग्रीस काढावं लागेल. वर्षानुवर्षं न फिरवलेला हब ऐन चिखलात फिरत नाही.

आणि सुटला की पुन्हा जाम व्हायला सोडू नका. महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर फोर बाय फोर टाकून चालवा, म्हणजे आतलं ऑइल सगळ्या गिअरांवर फिरतं. फक्त मातीवरच. डांबरावर नाही. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि दोघांना एका दाव्याला बांधलेलं. चिखलात टायर घसरून तो ताण सोडून देतो. डांबरावर घसरायला जागा नाही, ताण गिअरांत साठतो, आणि लिव्हर निघेनासा होतो. असं झालं तर हिसडे मारू नका. सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटतो. याच कारणासाठी चारही टायर एका मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. तुम्ही मागचे दोन नवे टाकलेत आणि पुढचे गुळगुळीत आहेत. फोर बाय फोर पुन्हा चालू करायची असेल तर ती जोडी आधी बदला.

पुढचा शाफ्ट काढून टाकायच्या सल्ल्याबद्दल. पुढचे हब मोकळे असतील तर तो शाफ्ट साध्या चालण्यात फिरतच नाही, मग ॲव्हरेज वाढणार कशानं? हब कायम जोडलेले असतील तरी मिळणारा फरक तुमच्या खिशाला जाणवणार नाही. थरथर कुठून येते हे पाहण्यापुरता तो एक दिवस काढून गाडी चालवायला हरकत नाही, खुणा करून. पण काढलात तर घरात, कोरड्या जागी, पोत्यात गुंडाळून ठेवा. गॅरेजमागच्या गवतात ठेवलेला शाफ्ट परत बसलेला मी अजून पाहिलेला नाही.

तपासणीच्या दिवशी तिन्ही ऑइलं पाहायला सांगा: पुढचं हाउजिंग, मागचं हाउजिंग, ट्रान्स्फर केस. यात एक जुना नियम आहे, तो सगळ्याच वाचकांनी लिहून ठेवावा: आधी वरचा भरायचा बोल्ट सोडून बघायचा, मगच खालचा सोडायचा. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून मोकळे झालात, तर गाडी तिथेच. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. तापलेलं हाउजिंग थंड पऱ्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं; हवा घ्यायचा ब्रीदर मातीनं बुजलेला असला की हमखास. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं त्यानंतर कित्येक दिवस माझ्या ओळखीच्या गॅरेजांत हाउजिंगमधून चहाच बाहेर पडत होता. ऑइल दुधाळ असेल तर बदला, दोनशे किलोमीटर चालवा, परत बदला. त्यात अभ्रकासारखी बारीक चमक असणं वयाला साजेसं आहे. चिमटीत धरता येतील असे तुकडे निघाले तर मात्र क्राऊन-पिनियन (हाउजिंगमधले मुख्य गिअर) पाहावं लागेल.

धुराबद्दल तुम्ही फक्त "सकाळी धूर" लिहिलंय. रंग कोणता? पांढरा असेल आणि पाच मिनिटांत जात असेल तर न जळलेलं डिझेल आहे. इंजेक्टर, हीटर प्लग असतील तर ते, आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं एवढ्यावर भागू शकतं. पांढरा धूर जातच नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे वळा. वॉटर पंप गेला त्या दिवशी इंजिन तापलं होतं का, ते आठवून पाहा. काळा धूर बहुतेक वेळा एअर फिल्टरपासून सुरू होतो. निळा असेल आणि हजार किलोमीटरला डिपस्टिकवरचं ऑइल ठळक उतरत असेल, तेव्हाच हाफ इंजिनची गोष्ट. आणि तेव्हाही आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून आकडे कागदावर लिहून मागा. कॉम्प्रेशन न मोजता इंजिन उघडायला निघालेल्या माणसाला मी तरी माझी गाडी देणार नाही.

ब्रेकचं तुमच्या पत्रात नावही नाही, आणि सड्यावरून भरली गाडी तुम्ही उतरवता! ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, दोन वर्षांनी बदलावं लागतं. मागच्या एक्सलवर ओझ्याप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा कोकणात हटकून गंजून एका जागी बसतो. तोही पाहा. या खर्चाला पुढे ढकलू नका, गाडी विकायची ठरली तरी.

मग करायचं काय? चासी शाबूत निघाली तर मी विकणार नाही. मी शाफ्ट, ऑइलं, ब्रेक, लिव्हर, टायर या क्रमानं जाईन आणि इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावीन, तोही कॉम्प्रेशनचे आकडे पाहून. १ लाख ९० हजार एकदम द्यायचं तर कारणच उरत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर महिनाभर गाडी चालवा आणि वहीत लिहा. बिघाड झालेल्या गाडीला कुणी १ लाख ४० हजार देतोय, तेही १७-१८ वर्षं जुन्या, यावरूनही काही समजा. नव्या फोर बाय फोर पिकअप आपल्याकडे मोजक्याच. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घ्यायची तर वीस लाखांच्या बरंच पुढे जावं लागतं, आणि ३०० कलमांवर तो हप्ता बसत नाही. गिऱ्हाईक मूर्ख नाही. त्याला लिव्हर सोडवता येतो.

हँगरपाशी किंवा स्टीअरिंग बॉक्सपाशी चासी गेली असेल तर मात्र एक रुपयाही घालू नका. वरून पट्टी वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील. सडलेल्या लोखंडावर मारलेला वेल्ड सडलेल्या लोखंडालाच धरून असतो. गिऱ्हाइकाला चासी दाखवून, सांगून विका, भाव उतरला तरी चालेल. त्या गाडीत उद्या कुणाची तरी माणसं बसणार आहेत. त्यानं नाही घेतली तर नोंदणीकृत भंगार केंद्र आहे. तिथे नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के भाव आणि पुढच्या गाडीच्या करात सवलत देणारं प्रमाणपत्र मिळतं. चासी पूर्ण सडलेल्या गाडीला यापेक्षा जास्त मागणंही बरोबर नाही.

तिसरीही एक शक्यता आहे, आणि ती तुम्हीच ओळखू शकता. चासी ठणठणीत आहे, पण मंगळवारी गाडीखाली शिरलात आणि तुम्हाला ते अजिबात आवडलं नाही. हात काळे होणं, वही ठेवणं, मेकॅनिकशी हुज्जत घालणं, काहीच. तसं असेल तर गाडी चांगली असूनही विका. जुन्या गाडीला पैशाइतकाच बघणारा माणूस लागतो, आणि तो माणूस तुम्ही नसाल तर त्यात कमीपणा नाही. ट्रॅक्टरवाल्याशी हंगामाचा ठरीव भाव करून टाका.

तोवर ते सील तिसऱ्यांदा बदलू नका. ऑइलची पातळी आठवड्याला बघून भरत राहा. आणि बाण शोधताना शाफ्ट डिझेलच्या बोळ्यानं खसखसून पुसा. इतक्या वर्षांच्या मातीखाली ते नुसत्या टॉर्चनं दिसायचे नाहीत.